काल्पनिक ग्रहाची शास्त्रशुद्ध रचना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कथा, कादंबरी, चित्रमालिका किंवा संगणकीय खेळ यांसाठी स्वतःचा ग्रह रचणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत, पुढचे अपवादांचे आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. गणितासाठी वर्गमूळ आणि घनमूळ काढता येणारा साधा कॅल्क्युलेटर पुरेसा आहे.

१. ग्रह रचताना सुरुवात नकाशापासून करावी की ताऱ्यापासून?

ताऱ्यापासून. ताऱ्याचे वस्तुमान, त्यापासून ग्रहाचे अंतर, ग्रहाचे वस्तुमान, स्वतःभोवती फिरण्याचा काळ, अक्षाचा कल आणि वातावरणाची घडण एवढ्या गोष्टी लेखकाने ठरवायच्या असतात. वर्षाची लांबी, गुरुत्व, ऋतू, वाऱ्यांचे पट्टे, भरतीची उंची आणि आकाशातील सूर्याचा आकार या गोष्टी त्यांतून आपोआप निघतात. या दुसऱ्या यादीतील गोष्टीही मनाला येतील तशा ठरवल्या, की ग्रहाच्या निरनिराळ्या भागांचा एकमेकांशी मेळ बसत नाही आणि जाणकार वाचकाला ते पहिल्या काही पानांतच जाणवते.

पुष्कळ कथा मात्र एखाद्या दृश्यातून सुचतात, उदाहरणार्थ वीस वर्षांचा हिवाळा किंवा आकाश व्यापणारा चंद्र. अशा वेळी उलट दिशेने जावे आणि हे दृश्य शक्य होण्यासाठी वरच्या यादीतील कोणते आकडे काय असायला हवेत, ते शोधावे. हा मार्गही तितकाच प्रामाणिक आहे आणि माझ्या मते अधिक फलदायी आहे, कारण त्या शोधात कथेला उपयोगी पडणाऱ्या अनेक अनपेक्षित गोष्टी हाती लागतात.

२. कोणत्या प्रकारचा तारा निवडावा?

ताऱ्याची तेजस्विता त्याच्या वस्तुमानाच्या साधारण ३.५ व्या घाताने वाढते, म्हणजे वस्तुमान दुप्पट झाले की तेज सुमारे अकरापट होते. इंधन दुप्पट आणि खर्च अकरापट, म्हणून जड तारे अल्पायुषी असतात. सूर्याचे स्थिर आयुष्य सुमारे १० अब्ज वर्षांचे आहे. दीडपट वस्तुमानाच्या ताऱ्याला साडेतीन अब्जांच्या आसपास वर्षे मिळतात आणि दुप्पट वस्तुमानाच्या ताऱ्याला दोन अब्जांहूनही कमी. पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांची आहे. तिच्या हवेत ऑक्सिजन साठू लागला तो सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी, आणि प्राणी आले ते गेल्या साठ-सत्तर कोटी वर्षांत. हे वेळापत्रक सर्वत्र असेच असेल असे नाही. तरीही सूर्याच्या सुमारे दुप्पट वस्तुमानाच्या व्याध ताऱ्याभोवती जंगले आणि नगरे दाखवायची असतील, तर त्या ताऱ्याचे वय जेमतेम काही कोटी ते काही दशकोटी वर्षांच्या टप्प्यात आहे, हे लेखकाला ठाऊक असलेच पाहिजे.

दुसऱ्या टोकाला लाल बटू तारे आहेत. आकाशगंगेतील सुमारे तीन चतुर्थांश तारे याच जातीचे आहेत आणि त्यांचे आयुष्य विश्वाच्या आजच्या वयाहून कितीतरी मोठे आहे. त्यांच्या अडचणी वेगळ्या आहेत (प्रश्न ५ पाहा). सूर्याच्या ०.६ ते ०.९ पट वस्तुमानाचे नारिंगी तारे मला सर्वांत सोयीचे वाटतात. ते दीर्घायुषी असतात, तुलनेने शांत असतात आणि त्यांच्या ग्रहांवर सूर्योदय-सूर्यास्तही होऊ शकतात.

३. ताऱ्यापासूनचे अंतर आणि वर्षाची लांबी कशी काढावी?

तेजस्विता आणि वस्तुमान सूर्याच्या पटीत धरून तेजस्वितेचे वर्गमूळ घ्या. पृथ्वीला मिळते तितकीच ऊर्जा ज्या अंतरावर मिळेल, ते अंतर खगोलीय एककांत निघते. एक खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर, सुमारे १५ कोटी किलोमीटर. त्यानंतर केप्लरचा तिसरा नियम लावा. अंतराचा घन करा, त्याला ताऱ्याच्या वस्तुमानाने भागा आणि वर्गमूळ काढा, म्हणजे वर्षाची लांबी पृथ्वीच्या वर्षांत मिळते.

सूर्याच्या ०.७ पट वस्तुमानाचा तारा घेऊ. वरच्या ढोबळ नियमाने त्याचे तेज ०.२९ येते आणि अंतर ०.५४ खगोलीय एकक. वर्ष भरते सुमारे १७१ पृथ्वी-दिवसांचे. हाच ग्रह पुढील काही उत्तरांतही उदाहरणासाठी घेतला आहे. आता लक्षात येईल की मंद तारा, पृथ्वीसारखी ऊब आणि चारशे दिवसांचे वर्ष या तिन्ही गोष्टी एकत्र मिळणार नाहीत. तारा आणि ऊब ठरली की वर्षही ठरले.

४. ग्रह जीवनानुकूल पट्ट्यात ठेवला म्हणजे काम झाले का?

नाही. या पट्ट्याचा अर्थ एवढाच, की योग्य वातावरण असेल तर तेथे पृष्ठभागावर द्रवरूप पाणी टिकू शकेल. सूर्यासाठी हा पट्टा साधारण ०.९५ ते १.७ खगोलीय एककांपर्यंत धरला जातो. मंगळ त्याच्या आत आहे, आणि तरीही त्याचे सरासरी तापमान उणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. केवळ सूर्यप्रकाशाचा हिशेब केला तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश यायला हवे. ते सुमारे १५ अंश आहे, कारण हरितगृह परिणामाने ३३ अंशांची भर घातली आहे. शुक्रावर याच परिणामाने पृष्ठभाग सुमारे ४६५ अंशांपर्यंत तापला आहे. म्हणून अंतर ठरवल्यावर लगेच वातावरणाचा विचार करावा (प्रश्न ७ पाहा).

ग्रह कोट्यवधी वर्षे समशीतोष्ण कसा राहिला, याचे उत्तरही मनाशी तयार ठेवावे. पृथ्वीवर हे काम मुख्यतः कार्बनचे चक्र करते. ऊब वाढली की पाऊस आणि खडकांची झीज वाढते, हवेतील कार्बन डायऑक्साइड खडकांत बांधला जातो आणि ऊब उतरते. थंडी वाढली की झीज मंदावते आणि ज्वालामुखींतून येणारा वायू पुन्हा साठू लागतो. म्हणून ज्या जगात ज्वालामुखी आणि भूपट्टांची हालचाल थांबून युगे लोटली आहेत, तेथील हवामान असे सावरून घेणारे काही उरत नाही.

५. लाल बटू ताऱ्याच्या ग्रहावर खरोखरच अर्धा भाग कायम दिवसाचा आणि अर्धा कायम रात्रीचा असतो का?

बहुतेक वेळा तसेच मानले जाते. तारा मंद असल्याने ग्रह अगदी जवळ ठेवावा लागतो. २०१६ साली जाहीर झालेल्या प्रॉक्सिमा सेंटॉरी बी या ग्रहाचे वर्ष केवळ ११.२ दिवसांचे आहे. इतक्या जवळ ताऱ्याचे भरतीबल ग्रहाचे फिरणे मंद करत आणते आणि शेवटी एकच बाजू ताऱ्याकडे राहते. चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते, तीही याच कारणाने.

अशा जगात तारा आकाशात एका जागी स्थिर असतो. त्याच्या बरोबर खाली सर्वांत उष्ण प्रदेश असतो आणि तेथे दाट ढग साचण्याची शक्यता असते, जे बराच प्रकाश परत फेकतात. तापलेली हवा उंचावरून रात्रीच्या बाजूकडे जाते, तर जमिनीलगतचा थंड वारा दिवसाच्या बाजूकडे वाहतो. वातावरण पुरेसे दाट असेल तर उष्णता वाटली जाते. विरळ असेल तर पाणी रात्रीच्या बाजूला जाऊन गोठते आणि तेथेच अडकून पडते, म्हणून हवेचा दाब ठरवल्याशिवाय संधिप्रकाशाच्या पट्ट्यात नद्या काढू नयेत. शिवाय अनेक लाल बटू ताऱ्यांवर, विशेषतः तरुणपणी, प्रखर ज्वाळा उसळतात आणि त्या ग्रहाची हवा झिजवू शकतात. प्रॉक्सिमाही अशाच ताऱ्यांपैकी आहे.

मला या जगातील माणसांचे प्रश्न अधिक महत्त्वाचे वाटतात. जेथे सूर्य मावळत नाही, तेथे झोपेची वेळ कोण ठरवते? सूर्य हलत नसेल तर सर्वांत उष्ण प्रदेशापासून आपण किती दूर आहोत, हे प्रवासी त्याच्या उंचीवरून नेमके सांगू शकतो आणि प्रत्येक गावाची सावली कायम एकाच दिशेला पडते. लेखकांनी या गोष्टी पुरेशा वापरलेल्या नाहीत.

एक अपवाद लक्षात ठेवावा. बुधाची एकच बाजू सूर्याकडे असते असे १९६५ पर्यंत समजले जाई. त्या वर्षी रडारने दाखवले की दोन वर्षांत तो स्वतःभोवती तीन फेऱ्या मारतो, त्यामुळे तेथील एक सौरदिवस बुधाच्या दोन वर्षांएवढा, म्हणजे १७६ पृथ्वी-दिवसांचा होतो. कक्षा पुरेशी लंबवर्तुळाकार असेल तर तुमच्या ग्रहालाही ही व्यवस्था देता येईल.

६. ग्रह पृथ्वीच्या दुप्पट मोठा असेल तर गुरुत्वही दुप्पट होते का?

"मोठा" म्हणजे वस्तुमानाने की त्रिज्येने, हे आधी ठरवावे लागते. पृष्ठभागावरील गुरुत्व म्हणजे वस्तुमान भागिले त्रिज्येचा वर्ग, दोन्ही पृथ्वीच्या पटीत. खडकाळ ग्रहाचे वस्तुमान वाढले की त्रिज्याही थोडी वाढते, साधारणपणे वस्तुमानाच्या ०.२७ व्या घाताने. त्यामुळे दुप्पट वस्तुमानाच्या ग्रहाची त्रिज्या १.२ पट आणि गुरुत्व सुमारे १.४ पट येते. आपल्या उदाहरणातील ग्रहाचे वस्तुमान दीडपट धरले, तर गुरुत्व १.२ पट आणि मुक्तिवेग (ग्रहाच्या ओढीतून सुटण्यासाठी लागणारा वेग) सेकंदाला सुमारे १३ किलोमीटर येतो. पृथ्वीचा मुक्तिवेग ११.२ आहे. त्रिज्याच दुप्पट करायची असेल तर सावध राहावे, कारण साधारण १.६ पट त्रिज्येच्या पुढचे बहुतेक ग्रह खडकाळ नसून जाड वायुवेष्टनाचे असावेत, असे निरीक्षणांवरून दिसते. याउलट शनीचे वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट असूनही त्याच्या ढगांच्या माथ्यावरचे गुरुत्व पृथ्वीहून थोडेसेच अधिक आहे, इतका तो विरळ आहे.

गुरुत्व वाढले की पर्वत ठेंगणे होतात, कारण खडक स्वतःचे वजन तितके पेलू शकत नाही. मंगळाचे गुरुत्व ०.३८ आहे आणि तेथील ऑलिंपस मॉन्स सुमारे २२ किलोमीटर उंच आहे. जड ग्रहावर उंचसखलपणा कमी आणि पाणी मात्र पुरेसे असेल, तर जमीन पूर्ण बुडण्याचा संभव वाढतो. पृथ्वीवरील सर्व महासागर मिळून तिच्या वस्तुमानाचा केवळ ०.०२ टक्के भाग आहेत, तेव्हा या आकड्यात थोडा फरक केला तरी नकाशा पूर्ण बदलतो.

७. माणसाला तेथे मास्कशिवाय श्वास घेता येईल अशी हवा कशी ठरवावी?

टक्केवारीपेक्षा प्रत्येक वायूचा स्वतंत्र दाब पाहावा. समुद्रसपाटीला आपण ऑक्सिजन ०.२१ बार दाबाने घेतो (एक बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरील हवेचा एकूण दाब). तो ०.१६ च्या खाली गेला की धाप लागते, आणि ०.५ च्या वर दीर्घकाळ राहिला की फुप्फुसांना इजा होते. नायट्रोजनचा दाब तीन-चार बारपर्यंत चढला की गुंगी येऊ लागते. पाणबुड्यांना खोल पाण्यात हाच अनुभव येतो. कार्बन डायऑक्साइडला तर फारच थोडी जागा आहे. आपल्या दाबाच्या हवेत तो पाच टक्क्यांच्या आसपास गेला तरी माणूस लवकर आजारी पडतो.

येथेच एक मोठा सापळा आहे. जीवनानुकूल पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला ग्रह उबदार ठेवायचा तर कित्येक बार कार्बन डायऑक्साइड लागतो. समुद्र वाहते राहतील, पण माणूस तेथे उघड्या तोंडाने वावरू शकणार नाही. माणसांची वसाहत दाखवायची असेल तर ग्रह आतल्या बाजूला ठेवावा.

मुक्त ऑक्सिजन आपोआप टिकत नाही. तो खडकांशी आणि वायूंशी संयोग पावून संपतो, म्हणून हवेत तो भरपूर असेल तर सतत तयार करणारे कोणीतरी हवे, आणि आपल्या माहितीतले असे उत्पादक म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जीव. संपूर्ण वाळवंटी, निर्जीव ग्रहावर पात्रे मोकळा श्वास घेत असतील, तर वाचक हा प्रश्न विचारणारच. ऑक्सिजन सुमारे १५ टक्क्यांच्या खाली असेल तर लाकूड नीट पेटत नाही, हेही ध्यानात ठेवावे, कारण विस्तवाशिवाय धातुकामही नाही.

८. गुरुत्व जास्त म्हणजे हवा दाट, असे समीकरण मांडता येते का?

येत नाही. शुक्राचे गुरुत्व पृथ्वीच्या ०.९ पट आहे आणि हवेचा दाब सुमारे ९० पट. शनीचा चंद्र टायटन याचे गुरुत्व ०.१४ आणि दाब जवळजवळ दीडपट, त्यामुळे तेथे हाताला पंख बांधून माणूस स्वतःच्या ताकदीवर उडू शकेल. गुरुत्वामुळे हवा किती टिकेल हे ठरते, पण मुळात किती होती ते नाही.

९. दहा-वीस वर्षांचा हिवाळा शास्त्राच्या चौकटीत बसवता येतो का?

हा सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न आहे आणि सरळ उत्तर निराशाजनक आहे. ऋतू प्रामुख्याने अक्षाच्या कलामुळे होतात, अंतरामुळे नव्हे. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते. कलाने होणारा हिवाळा वर्षाचा एक भाग असतो, म्हणून लांब हिवाळ्याला लांब वर्ष लागते. लांब वर्षाला दूरची कक्षा लागते आणि दूर असूनही ऊब हवी तर तेजस्वी तारा लागतो. प्रश्न ३ मधील रीत वापरून पाहा. पृथ्वीच्या दहा वर्षांएवढे वर्ष हवे असेल तर सूर्याच्या जवळजवळ तिप्पट वस्तुमानाचा तारा लागतो, आणि त्याचे आयुष्य एक अब्ज वर्षांहूनही कमी असते. तेथे गुंतागुंतीचे जीव घडायला वेळच मिळत नाही.

दुसरा मार्ग लंबवर्तुळाकार कक्षेचा. पृथ्वीच्या कक्षेची विकेंद्रता, म्हणजे वर्तुळाच्या तुलनेत ती किती लांबट आहे ते सांगणारा आकडा, ०.०१७ आहे. ती ०.२ केली, तर ताऱ्याच्या सर्वांत जवळ असताना मिळणारी ऊर्जा सर्वांत दूर असतानाच्या सव्वादोन पट होते, आणि ग्रह जवळ असताना वेगाने पळत असल्याने उन्हाळा आखूड, तर हिवाळा लांब होतो. हे ऋतू दोन्ही गोलार्धांत एकाच वेळी येतात, जे कलाच्या ऋतूंत कधीच होत नाही. पण वर्षाची लांबी यानेही वाढत नाही.

मग उरतो तो अनियमित हिवाळा. मोठ्या ज्वालामुखी उद्रेकांची मालिका धुळीने आणि गंधकयुक्त कणांनी काही वर्षे ऊन रोखू शकते. सागरी प्रवाह बदलल्याने एखाद्या खंडावर दशके थंडी पसरू शकते. या मार्गात हिवाळा केव्हा येईल हे पंचांगावरून सांगता येत नाही, आणि माझ्या मते कथेला तेच अधिक उपयोगी आहे.

१०. अक्षाचा कल फार मोठा ठेवला तर काय होते?

पृथ्वीचा कल २३.४ अंश आहे, युरेनसचा ९८. कल साधारण ५४ अंशांपुढे गेला की वर्षभराच्या हिशेबात ध्रुवांना विषुववृत्तापेक्षा अधिक ऊन मिळते. कायमचा बर्फ असलाच तर तो विषुववृत्तावर, आणि ध्रुवांवर अर्धे वर्ष रणरणते ऊन, अर्धे वर्ष काळोख. कल शून्य ठेवला तर ऋतूच राहत नाहीत आणि प्रत्येक अक्षांशाला एकच हवामान कायम चिकटते. पृथ्वीचा कल फार डोलत नाही, याचे बरेचसे श्रेय चंद्राला दिले जाते.

११. चंद्र किती असावेत, आणि भरतीवर त्यांचा काय परिणाम होतो?

भरतीचे बल चंद्राच्या वस्तुमानाच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. चंद्र निम्म्या अंतरावर आणला तर भरतीचे बल आठपट होते, दुप्पट नाही. आकाशात भव्य दिसावा म्हणून चंद्र जवळ आणणाऱ्यांनी आपल्या किनाऱ्यावरील बंदरांचा विचार येथेच करावा.

ताराही भरती आणतो. पृथ्वीवर सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी आहे. आपल्या उदाहरणातील ग्रह ताऱ्याच्या जवळ असल्यामुळे त्याच्यावर ताऱ्याचे भरतीबल सूर्याच्या साडेचारपट येते, म्हणजे आपल्या चंद्राच्या सुमारे दुप्पट. चंद्र अजिबात नसला तरी तेथे ठळक भरती-ओहोटी असेल, आणि तिची वेळ ताऱ्याशी बांधलेली असल्याने ती महिनोन्महिने दिवसाच्या त्याच प्रहराला येत राहील. कोळ्यांच्या आणि खलाशांच्या वसाहतीसाठी हा तपशील फार मोलाचा आहे.

चंद्र किती दूर ठेवता येईल यालाही मर्यादा आहे. ग्रहाच्या पकडीचा प्रदेश म्हणजे हिल गोल. ग्रहाच्या वस्तुमानाला ताऱ्याच्या वस्तुमानाच्या तिपटीने भागून घनमूळ काढावे आणि ग्रहाच्या ताऱ्यापासूनच्या अंतराने गुणावे. उदाहरणातील ग्रहासाठी हे सुमारे १० लाख किलोमीटर येते, आणि चंद्र त्याच्या निम्म्याच्या आत असेल तरच दीर्घकाळ टिकतो. अनेक चंद्र हवे असतील तर त्यांच्यात पुरेसे अंतर ठेवावे. ग्रहाच्या फिरण्याहून जलद प्रदक्षिणा करणारा चंद्र हळूहळू आत ओढला जातो. मंगळाचा फोबोस असाच आहे आणि मंगळावरून तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळताना दिसतो.

१२. दिनदर्शिका कशी तयार करावी?

उदाहरणाचा ग्रहच घेऊ. दिवस ३० तासांचा धरला, तर १७१ पृथ्वी-दिवसांच्या वर्षात तेथील १३७ दिवस बसतात. चंद्राची प्रदक्षिणा २० पृथ्वी-दिवसांची धरली, तर अमावास्येपासून अमावास्येपर्यंत २० दिवस लागत नाहीत. दरम्यान ग्रह पुढे सरकलेला असतो, म्हणून २० आणि १७१ यांच्या गुणाकाराला त्यांच्या वजाबाकीने भागावे. उत्तर २२.६ पृथ्वी-दिवस, म्हणजे सुमारे १८ स्थानिक दिवस. वर्षात असे साडेसात महिने होतात, तेव्हा चंद्रावर चालणारी कालगणना ऋतूंशी जुळवण्यासाठी कधी सात तर कधी आठ महिन्यांचे वर्ष मानावे लागेल. पूर्ण संख्या येत नाही म्हणून आकडे बदलू नका. निसर्गात त्या क्वचितच येतात, आणि या न जुळणाऱ्या उरलेल्या भागातूनच पंचांगकर्त्यांचे वाद जन्म घेतात.

१३. दोन सूर्य असलेला ग्रह स्थिर राहू शकतो का?

राहू शकतो, पण दोनच प्रकारे. एक तर दोन्ही तारे एकमेकांच्या जवळ असावेत आणि ग्रहाने दोघांभोवती, त्यांच्यातील अंतराच्या तीन-चार पटींहून दूर फिरावे. २०११ साली जाहीर झालेला केप्लर-१६बी असा आहे. तेथे दोन्ही सूर्य आकाशात जवळजवळ राहतात आणि अधूनमधून एकमेकांना झाकतात. किंवा ग्रहाने एकाच ताऱ्याभोवती, दोन ताऱ्यांमधील किमान अंतराच्या साधारण पाचव्या भागाच्या आत फिरावे. मित्र, म्हणजेच अल्फा सेंटॉरी, या जोडीतील दोन मुख्य तारे सुमारे ८० वर्षांत एक फेरी पूर्ण करतात आणि त्यांच्यातील अंतर ११ ते ३६ खगोलीय एककांमध्ये बदलते. त्यातील मोठ्या ताऱ्याच्या ग्रहाला दुसऱ्याकडून मिळणारी ऊब अर्धा टक्काही नसेल, पण वर्षातील काही महिने त्याच्यामुळे रात्रीच्या आकाशात पौर्णिमेच्या चांदण्याच्या शेकडो पट उजेड असेल. दोन्ही ताऱ्यांभोवती आठच्या आकड्यासारखी फिरणारी कक्षा मात्र टिकत नाही.

१४. ग्रहाला कडी दिली तर जमिनीवरून ती कशी दिसतील?

कडी ग्रहाच्या विषुववृत्ताच्या प्रतलात आणि साधारण अडीच त्रिज्यांच्या आत असतात. ग्रहाचे भरतीबल कणांना चंद्रात गोळा होऊ देत नाही, अशी ही रॉश मर्यादा आहे. विषुववृत्तावर उभ्या असलेल्या माणसाला ती डोक्यावरून जाणारी बारीक रेघ दिसेल, मध्यम अक्षांशांवर रुंद कमान, आणि सुमारे ६५ अक्षांशांपलीकडे काहीच नाही. कमान आकाशात आपली जागा सोडत नाही, म्हणून दिशा ओळखण्यासाठी ती कायमची खूण आहे. मध्यरात्री तिच्या मधोमध ग्रहाची सावली पडलेली दिसेल. कड्यांची सावली हिवाळ्याच्या गोलार्धावर पडते आणि तेथील थंडी वाढवते. शनीची कडी बर्फाची आहेत. उबदार पट्ट्यात बर्फ टिकणार नाही, म्हणून तुमची कडी खडकांची आणि काहीशी काळपट असावीत.

१५. महाकाय वायुग्रहाच्या चंद्रावर जीवसृष्टी दाखवायची आहे. काय सांभाळावे?

प्रथम वस्तुमान. आपल्या सूर्यमालेतील सर्वांत मोठा चंद्र गॅनिमीड पृथ्वीच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढा आहे. महाकाय ग्रहाभोवती तयार होणाऱ्या सर्व चंद्रांचे एकत्रित वस्तुमान ग्रहाच्या दहा-हजाराव्या भागाच्या आसपास राहते असे दिसते, म्हणून हवा धरून ठेवणारा चंद्र हवा असेल तर गुरूच्या कित्येक पट वस्तुमानाचा ग्रह तरी घ्यावा किंवा तो चंद्र बाहेरून पकडला गेलेला दाखवावा. नेपच्यूनचा ट्रायटन पकडलेला आहे असे मानले जाते, कारण तो उलट्या दिशेने फिरतो.

दुसरे, दिवसाची लांबी. असा चंद्र ग्रहाकडे एकच बाजू ठेवतो, म्हणून त्याचा दिवस म्हणजे त्याची प्रदक्षिणा. गुरूच्या चंद्रांपैकी युरोपाची साडेतीन दिवसांची, गॅनिमीडची सात, कॅलिस्टोची जवळजवळ सतरा. जवळ राहावे तर किरणोत्सार आणि भरतीची घुसळण वाढते. गुरूच्याच आयो या चंद्रावर जागृत ज्वालामुखी १९७९ साली व्हॉयेजर १ या यानाने पाहिले, ते याच घुसळणीचे फळ. दूर जावे तर रात्र लांबते. या दोहोंमध्ये लेखकाने जागा निवडायची आहे.

तिसरे, आकाश. गॅनिमीडवरून गुरू आपल्या चंद्राच्या सुमारे पंधरापट व्यासाचा दिसतो. तो एका जागी स्थिर राहून कला दाखवतो, आणि चंद्राच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर राहणाऱ्यांना तो जन्मभर दिसत नाही. त्याला प्रथमच पाहण्यासाठी लोक महासागर ओलांडतील.

१६. लाल सूर्याखाली सगळे जग लाल दिसेल का?

दिसणार नाही. लाल बटू ताऱ्यांचे पृष्ठभागाचे तापमान साधारण २५०० ते ३९०० केल्विन असते आणि जुन्या तारेच्या विजेच्या दिव्याची तार सुमारे २७०० केल्विनला तापते. त्या दिव्याखाली वाचताना कागद आपल्याला लाल दिसत नाही, कारण डोळे प्रकाशाशी जुळवून घेतात. आकाशाचा निळेपणा कमी होईल, सूर्यास्त अधिक गडद होतील. हवेत बारीक धूळ असेल तर सगळाच हिशेब बदलतो. मंगळावर दिवसाचे आकाश पिवळसर तपकिरी असते आणि सूर्यास्ताजवळ निळसर छटा दिसते. वनस्पतींचा रंग मात्र पूर्णपणे लेखकाच्या हाती आहे. मंद प्रकाशात शक्य तेवढा प्रकाश शोषणारी काळसर पाने तर्काला धरून आहेत, पण ती अनिवार्य नाहीत.

१७. संपूर्ण ग्रह एकाच हवामानाचा असू शकतो का? नकाशात कोणत्या चुका हमखास होतात?

गोल ग्रहावर ऊन सगळीकडे सारखे पडत नाही, म्हणून समुद्र आणि हवा असलेला ग्रह सर्वत्र जंगल किंवा सर्वत्र दलदल असू शकत नाही. पूर्ण गोठलेला किंवा पूर्ण कोरडा ग्रह मात्र शक्य आहे.

नकाशात प्रथम वारे काढा. पृथ्वीवर विषुववृत्तालगत हवा वर चढून पाऊस पाडते आणि तिसाव्या अक्षांशाच्या आसपास कोरडी होऊन खाली उतरते, म्हणून मोठी वाळवंटे तेथे आहेत. ग्रह जलद फिरत असेल तर हे पट्टे अरुंद आणि अधिक होतात. संथ असेल तर पहिला पट्टा ध्रुवांकडे पसरत जातो. मग पर्वत काढा. वाऱ्याकडच्या उतारावर पाऊस, पलीकडे पर्जन्यछायेचा प्रदेश. नद्या शेवटी काढा. नद्या उगमाकडून समुद्राकडे जाताना एकमेकींना मिळतात, फुटत नाहीत. त्रिभुज प्रदेश हा ठळक अपवाद आहे. एका सरोवरातून दोन नद्या दोन समुद्रांकडे जाताना दाखवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

१८. चुंबकीय क्षेत्र नसेल तर ग्रहाची हवा उडून जाते का?

इतके सरळ नाही. मंगळाने क्षेत्र गमावले आणि बरीचशी हवाही गमावली, पण त्याचे गुरुत्वही कमी आहे. शुक्राला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र नाही आणि तरी त्याची हवा प्रचंड दाट आहे. पृथ्वीएवढ्या ग्रहाला क्षेत्र दिले तर ध्रुवीय प्रकाश आणि होकायंत्र मिळते. ते न दिल्यास खलाशांना दुसरा आधार शोधून द्यावा.

१९. मला तरंगते पर्वत हवेच आहेत. नियम मोडला तर चालेल का?

चालेल, पण एकच नियम मोडावा आणि त्याची किंमत पूर्ण वसूल करावी. एखादा खडक गुरुत्वाला दाद देत नसेल, तर तो खाणीतून काढणारे, त्यावर कर बसवणारे आणि त्याची जहाजे बांधणारे लोक त्या जगात असणारच. तो खडक नद्यांच्या गाळात सापडेल का, पुरात वर उसळेल का, त्याने बांधलेला किल्ला कोठे बांधून ठेवावा लागेल, या प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावीत. बाकीचे सर्व आकडे, विशेषतः वर्ष, ऋतू आणि भरती, नेहमीच्या नियमांनी चालू द्यावेत. अनेक नियम एकदम मोडले की कोणती गोष्ट आश्चर्याची आणि कोणती रोजची, हे वाचकाला ओळखता येत नाही.

२०. आज शास्त्रशुद्ध वाटणारा माझा ग्रह उद्याच्या शोधाने चुकीचा ठरला तर?

असे घडते, आणि उलटही घडते. १९९५ साली ५१ पेगासी या ताऱ्याभोवती गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा ग्रह सापडला. त्याचे वर्ष केवळ सव्वाचार दिवसांचे आहे. मिशेल मायोर आणि डिडिए केलोझ यांना या शोधासाठी २०१९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्याआधी एखाद्या लेखकाने महाकाय ग्रह ताऱ्याच्या इतका जवळ ठेवला असता, तर बहुतेक जाणकारांनी ते अशक्य मानले असते. म्हणून गती, ऊर्जा आणि गुरुत्व यांचे नियम घट्ट पाळावेत, कारण ते बदलण्याची शक्यता फार कमी आहे. ग्रह कसा जन्मला, पाणी कोठून आले, जीव कसे सुरू झाले, या अजून वादात असलेल्या गोष्टी मात्र एखाद्या पात्राच्या तोंडी तेथील समजूत म्हणून घालाव्यात, लेखकाच्या निवेदनात ठाम विधान म्हणून नव्हे.